हाकेची सावड

कळंब, ता. कर्जत
१८ एप्रिल १९२७

ती. सोनुआत्यास देवदान व जयवंता यांचा प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र पोचलं. तू इतके प्रश्न विचारलेस की फौजदारही थकेल. एकेकाचं उत्तर देतो. घर शाळेला लागूनच आहे, एक खोली आणि पुढे ओटा. पाणी गोड आहे. मिशनच्या साहेबांनी शाळेला फळा दिला, छप्पर मात्र गवताचंच आहे. गावातली कुणब्यांची मुलं येतात, डोंगरावरच्या ठाकरवाडीतली थोडी येतात, आणि गुरांना कोणी राखणारं नसलं की दोन्हीकडची येत नाहीत. जयवंताला पाचवा महिना आहे. प्रकृती बरी आहे. भीत नाही म्हणते, पण या खेपेला तिने झबलं शिवायला घेतलेलं नाही. मागच्या दोन्ही वेळची पेटीत तशीच घडी घातलेली आहेत. बाळंतपणाला नगरला तुझ्याकडे पाठवू का म्हटलं तर उठून चुलीकडे गेली. दोन्ही मुलं गेली ती नगरलाच, तेव्हा मी पुन्हा विषय काढला नाही.

आता एक काम. वाडीवरचा जैतू ठाकर शाळेचं छप्पर शाकारायला आला होता, तेव्हापासून आमची दोस्ती आहे. माझ्याच वयाचा आहे. मी बोललो की हसतो आणि मी गप्प बसलो की बोलतो, त्यामुळे आमचं बरं जमतं. त्याची मुलगी आवडी तापाने पडली आहे. वाडीच्या भगताचे अंगारे-उतारे सगळं करून झालं. परवा तो दारात येऊन म्हणाला, "मास्तर, तुझ्या देवाला हाक मारायची ती कशी मारतात?" मी क्विनाईन घेऊन वर गेलो. पोरीच्या उशाशी बसलो आणि मोठ्याने प्रार्थना केली. हिचं नाव आवडी, हिचा बाप माझा मित्र, हिला उठव, एवढंच म्हणालो. त्याची बायको भागी झोपडीच्या मेढीला, मधल्या खांबाला, हात लावून उभी होती.

निघताना सांगितलं की नगरला माझी आत्या आहे, तीही हाक मारील. जैतू म्हणाला, "तिला आमची पोर ठाव नाय. ती कशाला मारंल?" मी म्हणालो, मी सांगितलं म्हणून. तर आत्या, माझी पत राख आणि आवडीचं नाव घे.

तुझा,
देवदान

*

अहमदनगर
२९ एप्रिल १९२७

चि. देवदान व चि. सौ. जयवंता यांस आशीर्वाद.

ज्या बाईने तुझं शेंबडं नाक पुसलं तिला फौजदार म्हणतोस. बरं, म्हण. आवडीचं नाव रोज सकाळी घेते, चहाच्या आधी, कारण चहाला शेजारीण येते आणि मग माझं चित्त तिच्या सुनेकडे लागतं. क्विनाईन दिलंस ते ठीक केलंस.

तुझं अक्षर मुंग्यांसारखं आहे, मोठं काढ. माझ्या डाव्या डोळ्यात धूर भरल्यासारखं झालंय. उजवा काम करतो, पण कुरकुर करून.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी शास्त्राच्या पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून गावोगाव फिरायचे, तेव्हा एका बाईच्या मुलासाठी प्रार्थना केली होती. मूल उठलं. पुढच्या खेपेला गेले तर तिने माझ्या पिशवीलाच हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. पिशवी धुवावी लागली, पुस्तकं भिजली ती वेगळीच. त्या बाईचं मन चांगलं होतं, पण तिला काय कळलं आणि काय नाही, हे मला आजतागायत सांगता यायचं नाही. तुझ्याही दारात कोंबडं येईल. तेव्हा गोड बोल, पण सरळ बोल.

जयवंताने जड हंडा उचलू नये.

सोनुबाई

*

कळंब
२४ जून १९२७

ती. आत्यास सलाम.

अक्षर मोठं काढलं आहे, पाहा. आवडी बरी झाली. नुसती बरी नाही, शाळेत येते आणि पाटीवरची पेन्सिल खाते. वर्गात प्रार्थनेला सगळी डोळे मिटतात तेव्हा ती एकच डोळा मिटते. मला कसं कळलं म्हणून विचारू नकोस.

कोंबडं आलं नाही. त्याऐवजी जैतू आणि भागी आले आणि शाळेमागच्या तुकड्यात माझ्या भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब करून, नांगरून देऊन गेले. मी आभार मानायला लागलो तर भागी हसायलाच लागली. इथे याला सावड म्हणतात. आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही आणि उपकारही नाही. मीही जाऊन त्याच्या वरकसात, डोंगरउतारावरच्या रानात, राबलो. माझे हात बघून सगळ्या वाडीची करमणूक झाली.

पण आता अडचण आली आहे. जैतू म्हणतो, नांगरटीची सावड नांगरटीने फिटली, हाकेची राहिली आहे. "तू माझ्या पोरीसाठी हाक मारलीस. नगरच्या म्हातारीनं मारली. तुझ्या घरी पाळणा हालायचा हाय, त्या दिवशी मी येतो हाक मारायला. हाकेची सावड हाकेनंच फिटंल." त्याची आई कोंडी ही वाडीची आणि गावचीही सुईण. जयवंताची वेळ भर पावसात येणार, नदीला पूर असला की नेरळ स्टेशनाची वाट बंद, तेव्हा कोंडी हीच आमची डॉक्टरीण. ती दर आठ दिवसांनी येऊन पोट चोळून जाते आणि जयवंताचा तिच्यावर फार विश्वास बसला आहे.

कोंडीचं ठीक आहे. पण जैतूचं काय करू? तो हाक मारणार कोणाला? वाघदेवाला. माझ्या ओट्यावर, माझ्या मुलासाठी. मी त्याला म्हटलं, नंतर सांगतो. तू काय म्हणतेस?

देवदान

*

अहमदनगर
३ जुलै १९२७

चि. देवदान यास आशीर्वाद.

विचारलंस हे बरं केलंस, नाहीतर तुझा स्वभाव भिडस्त. माझं उत्तर नाही असं आहे. सुईण बोलाव, मैत्री ठेव, त्याच्या रानात हवं तेवढं राब. पण हाक नको. उद्या वाडी म्हणेल, मास्तराचं मूल वाघदेवाने जगवलं, आणि मग तू फळ्यासमोर उभा राहून काय शिकवणार? ख्रिस्ती झाले म्हणून तुझ्या आजोबांना विहिरीवरून, पंगतीतून उठवलं, तरी त्यांनी एकाच दाराशी हात जोडले. ते काही हौस म्हणून नाही.

आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. त्यांनी आपल्यासाठी कशाला? देणारे आपण आहोत. नीट समजावून सांग, त्याला वाईट वाटू देऊ नकोस.

डोळ्याचा धूर वाढलाय. जयवंताला पायावर पाय टाकून बसू देऊ नकोस.

सोनुबाई

*

कळंब
२६ जुलै १९२७

ती. आत्यास सलाम.

तू लिहिल्याप्रमाणे जैतूला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाला.

त्यानंतर वाडीची मुलं शाळेत आलेली नाहीत. लावणीचे दिवस आहेत म्हणून असेल. कोंडीही आलेली नाही. गावच्या पाटलाकडून दोनदा निरोप पाठवला, तर येते म्हणाली आणि आली नाही. भगताने काहीतरी भरवलं असावं. इथल्या लोकांचं असंच आहे, आज जीव लावतील आणि उद्या ओळख देणार नाहीत. गावात दुसरी सुईण नाही. नदी दोन्ही थड्यांना लागून वाहते आहे. मी प्रार्थनेला बसतो आणि मध्येच माझं लक्ष पाऊलवाटेकडे जातं.

आमच्यासाठी प्रार्थना कर.

देवदान

*

कळंब
४ ऑगस्ट १९२७

ती. सोनुआत्यांस जयवंताचा सलाम.

यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही यांना आणि हे तुम्हाला सगळं लिहितात असं मला वाटायचं, पण मागचं पत्र टपालात टाकण्याआधी मी वाचलं आणि त्यात निम्मंच होतं.

यांनी जैतूला घरी बोलावून समजावलं नाही. जैतूच्या रानात लावणी चालली होती, सगळी वाडी चिखलात ओळीने वाकलेली होती, आणि हे बांधावर उभे राहून म्हणाले, "तुमची हाक आम्हाला चालायची नाही." वाईट मनाने नाही म्हणाले. भीत होते, आणि भ्याले की यांचा आवाज चढतो, तुम्हाला माहीत आहे.

काल मीच वर गेले. काठी घेऊन, थांबत थांबत. रागावू नका. भागीने मला पाटावर बसवलं, पेज दिली. मी विचारलं, कोंडीआजी का येत नाही? भागीने चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "बाई, सावड घ्याची आनि फेडू द्याची नाय, ती सावड नाय, ती भीक झाली. आमी भिकारी हाव का गं? मास्तरनं आमची पोर उठवली, नि आमी हात दिला तर झाडून टाकला. आता म्हातारी तुज्याकडं आली तर ते बी त्याला नको असंल. नको असलेल्या घरात आपून कसं शिरायचं?" कोंडीआजी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. तिचे डोळे माझ्या पोटावरून हलत नव्हते.

मग मी विचारलं ते यांनी आधीच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, जैतूभाऊ हाक कोणाला मारणार होते? भागीला प्रश्नच कळेना. म्हणाली, "सावडीला कोन आपलं बी घेऊन जातो? ज्याचं रान त्याचं बी. मास्तरच्या घरी जायचं तर मास्तरच्याच देवाला हाक मारायची. म्हनून तर तो आवडीला रोज इचारत होता, मास्तर कसा बसतो, डोळे मिटतो का उघडे ठेवतो."

आत्या, मी तिथेच रडले. आवडी एक डोळा उघडा का ठेवायची ते मला तेव्हा कळलं. तिला बापाने बघून यायला सांगितलं होतं.

तुमच्यावर माझा राग नाही. पण मूल माझ्या पोटात आहे, आणि आधीची दोन मी मातीत ठेवली आहेत. मला मिळतील तेवढ्या हाका हव्या आहेत. आज यांना सांगणार आहे की वर जा. तुमच्या उत्तराची वाट पाहणार नाही.

जयवंता

*

कळंब
२९ ऑगस्ट १९२७

ती. आत्यास सलाम.

मुलगी झाली. जयवंता सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तुला नेहमीसारखा पत्राचा शेवट आधी वाचावा लागणार नाही. आता सविस्तर.

जयवंताने तुला लिहिलं ते तिने मला नंतर सांगितलं. तिने वर जा म्हटलं त्याच दिवशी मी गेलो. जैतू नाचणी बेणत होता. मला वाटलं होतं, बरीच बोलणी खावी लागतील. मी नुसताच बांधावर उभा राहिलो, तर तो म्हणाला, "उभा काय, ये." म्हणून उतरलो आणि त्याच्या शेजारी तण उपटायला लागलो. बरीचशी नाचणीही उपटली. बऱ्याच वेळाने म्हणालो, जैतू, माझं चुकलं. माझ्या घरी सावडीला ये. तो म्हणाला, "येतो." एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडी दारात हजर, आणि मला न बघितल्यासारखं करून आत गेली.

मागच्या बुधवारी सकाळी जयवंताला कळा सुरू झाल्या. कोंडी आणि भागी आत, मी ओट्यावर. जैतू आला, इरलं काढून भिंतीला टेकवलं, पाय धुतले. मी प्रार्थनेला बसलो आणि आत्या, मला एक शब्द सुचेना. तोंड उघडलं की त्या दोन झबल्यांची घडी डोळ्यांसमोर यायची. जैतूने माझ्याकडे पाहिलं. मग गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि शिवारातून माणसाला बोलवावं तशा आवाजात म्हणाला,

"मास्तरच्या देवा, मी जैतू, वाडीवरचा. तू मला वळखत नसशील. मी माझ्यासाठी काय मागत नाय, मी सावडीला आलोय. मास्तरनं माझ्या पोरीसाठी तुला हाक मारली, तू आलास. आता त्याचंच तोंड बंद झालंय, म्हनून मी मारतो. त्याच्या बायकोला सोडव. पोर जिती दे. आधीची दोन तू नेलीस, ती का नेलीस मी इचारत नाय. ही राहू दे."

मी आमेन म्हणालो.

लगेच काही झालं नाही. दुपार कलली तरी आतून नुसता कोंडीचा आवाज येत होता. जैतू मधूनमधून तेच पुन्हा म्हणायचा, काही न बदलता, लावणीची ओळ धरावी तसं. शेवटी मूल रडलं आणि कोंडी बाहेर येऊन म्हणाली, "नाळ गळ्यात होती. काढली. पोर हाय." मी जैतूच्या गळ्यात पडलो. त्याला ते फारसं आवडलं नसावं, पण त्याने सोसलं.

जाताना इरलं डोक्यावर घेता घेता त्याने विचारलं, "मास्तर, तुझा देव कोनाचंबी ऐकतो?"

मी म्हटलं, ऐकतो.

"मंग तू पयल्यांदा नाय का म्हनालास?"

आत्याला विचारून सांगतो म्हणालो. तो हसला. तर आता तूच सांग.

देवदान

*

अहमदनगर
१० सप्टेंबर १९२७

चि. देवदान, चि. सौ. जयवंता व माझी नात यांस आशीर्वाद.

पत्राचा शेवट आधी वाचते ते खरं आहे. या वेळी पहिल्या ओळीनेच मला खाली बसवलं. शेजारणीने पाणी आणून दिलं आणि तिच्या सुनेचं काही न सांगता गेली, यावरून समज.

जैतूला काय सांगायचं ते विचारलंस. सांग, म्हातारी घाबरली होती. तुला वाचवायला निघाली आणि तुझ्या बायकोचा जीव धोक्यात घालून बसली. याहून शहाणं उत्तर माझ्याकडे नाही. त्याचं नाव घेऊन देवाची क्षमा मागितली आहे. त्याची मागायची तर तुझ्या तोंडून मागते.

जयवंता, तू वर गेलीस म्हणून मी रागावले नाही. त्या अवस्थेत डोंगर चढलीस म्हणून रागावले आहे. तो राग मुलीला पाहिल्यावर जाईल.

देवदान, तुझं पत्र मी रोज थोडं थोडं वाचते, कारण उजवा डोळाही आता थकला. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. आयुष्यभर मी किती घरांत बसून लोकांसाठी प्रार्थना केली असेल. पण बाई गं, आज माझे गुडघे दुखतात, माझ्यासाठी दोन शब्द बोल, असं त्यातल्या कोणालाही म्हटलं नाही. हळदकुंकू लावणाऱ्या त्या बाईलाही नाही. तिला मला काहीतरी द्यायचं होतं आणि मी पिशवी धूत बसले. तिथेच जेवले असते, तिच्याजवळ बसले असते, तर कदाचित आमचं पुढे काही बोलणं झालं असतं. आपण देणारे असं मी तुला ऐटीत लिहिलं, त्याची मला लाज वाटते.

आता काम. गुरुवार, तारीख २२ ला इथल्या इस्पितळात माझ्या डाव्या डोळ्यात शस्त्र घालणार आहेत. डॉक्टर म्हणतात सोपं आहे. सोपं त्यांना असेल. मला भीती वाटते, देवदान. आंधळी झाले तर शास्त्र वाचता येणार नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मला सवय नाही.

माझी हाकेची सावड जैतूवर आहे असं तोच म्हणाला होता ना? मग मी बोलावते आहे. त्याला सांग, ये. रान नगरचं आहे, पण हाक पोचायला वाट लागत नाही, हे त्याला आता ठाऊक आहे.

सोनुबाई

*

कळंब
२४ सप्टेंबर १९२७

ती. आत्यास सलाम.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवतं आहे ते ठाऊक नाही, त्यांनाही सलाम.

तुझा निरोप जैतूला शब्दाशब्दाने सांगितला. "म्हातारी घाबरली होती" हे त्याला फार पटलं. म्हणाला, "मंग ठीक हाय. घाबरलं का मानूस तसं करतो." मग त्याला तुझी बारीकसारीक माहिती हवी होती. तू किती उंच, कोणता डोळा, त्या डोळ्याने तुला काय बघायचं आहे. मी म्हटलं, शास्त्र वाचायचं आहे. तो म्हणाला, "नि तुझी पोर बघायची असंल. ते बी मागतो."

गुरुवारी सकाळी तो, भागी, कोंडी आणि आवडी शाळेत आले. एक शंका निघाली की काम डोळ्याचं, तेव्हा डोळे मिटावे का उघडे ठेवावे. आवडीने सांगितलं, एक मिटा आणि एक उघडा ठेवा. भागीने तिला चापट दिली, पण जैतूने तसंच केलं. तो तुझं नाव घेऊन बराच वेळ बोलला. शेवटी उठता उठता देवाला म्हणाला, "ती बरी झाली का तुलाच कळंल, आमाला मास्तर सांगंल."

तर कळव.

देवदान

*

अहमदनगर
१९ ऑक्टोबर १९२७

चि. देवदान,

दिसतं. पट्टी काढली, चष्मा दिला. ओळी वाकड्या आहेत पण माझ्या आहेत. फार लिहायला मनाई आहे.

जैतूला सांग, सावड पावली. भागी, कोंडी, आवडी, सगळ्यांना सांग. थंडीत मी येते आहे. नेरळला बैलगाडी घेऊन ये.

आता पाळी माझी आहे. मी देवापाशी जैतूसाठी काय मागावं ते त्यालाच विचार. तू ठरवू नकोस, मीही ठरवणार नाही. तो सांगेल तेच, त्याच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरात लिहून पाठव. मी चहाच्या आधी बसते.

सोनुआत्या